जिन्यावर बंद पडणारं घर

“आणि माझी खोली कुठं, अण्णा?”

बसवंतनं हे विचारलं तेव्हा अभिजीत नुसता हसला. मॉनिटर जरासा पलीकडे वळवून म्हणाला, “आधी घर तर होऊ दे.” शेजारच्या खुर्चीत बसलेला प्रणीतही हसला. दोघांच्या त्या हसण्यात असं काही होतं, की डबा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बसवंतला आपण चुकून परक्याच्या पंगतीत येऊन बसलोय असं वाटलं. पुढं श्रावणात, एका रविवारी सकाळी, त्याच खुर्चीत, त्याच मशीनसमोर अभिजीतचं हृदय चालता चालता थांबलं. वय तिशीचं. ना दुखणं, ना हाक. प्रश्न तिथंच राहिला. बसवंतनं तो आईला विचारला, प्रणीतला विचारला, आनेकलच्या स्मशानात विझत आलेल्या राखेलाही विचारला.

अभिजीतचा धंदा मोठा नवलाचा होता. न बांधलेली घरं तो काँप्युटरवर बांधायचा. महादेवपुऱ्यात त्याचं ऑफिस, जवळच फ्लॅट. गिऱ्हाइकानं खुर्चीत बसून माऊस सरकवला की दार उघडायचं, दिवाणखान्यातून चालत जाता यायचं, फरशीवर उन्हाची तिरीप पडलेली दिसायची. घर मात्र अजून कुठंच नसायचं. चिकोडीकडून आलेल्या या कुटुंबानं शहराबाहेर आनेकलला जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. त्यावर जे घर व्हायचं होतं, तेही अभिजीतनं सुट्टीच्या दिवशी बसून असंच बांधलं होतं. सगळं त्याच्या डोक्यात आणि त्या मशीनमध्ये.

बसवंत नववीत शाळा सोडलेला. बोम्मसंद्र्यात पत्रे कापणाऱ्या प्रेसवर कामाला. आईला, अंबूबाईला घेऊन आनेकलला भाड्याच्या घरात राहायचा. दर रविवारी तो थोरल्याकडे डबा घेऊन जायचा, आणि दर रविवारी दिवेलागणीला अभिजीत म्हणायचा, “बसू, आता खाली जा, बस मिळणार नाही. आई एकटी आहे.” बसवंत उठायचा. प्रणीत उठायचा नाही. तो तिथंच राहायचा. त्याच फ्लॅटमध्ये, त्याच ऑफिसात, त्याच हसण्यात. पुण्याचा पोरगा, अभिजीतला ‘अभी’ म्हणायचा. “त्याला दादा म्हण,” असं अण्णानं कितीदा सांगितलं, पण बसवंतच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही. ‘तुम्ही’ म्हणून भागवायचा. कुणा तिऱ्हाइतानं त्या खोलीत येऊन ‘यातला सख्खा भाऊ कोण’ म्हणून ओळखायचं ठरवलं असतं, तर त्याचं बोट प्रणीतकडे गेलं असतं. हे बसवंतला पक्कं माहीत होतं. तेच त्याला आतून कुरतडत होतं.

गणपती झाल्यावर तो भांडायच्या तयारीनं गेला आणि ते मशीन आनेकलला घेऊन आला. प्रणीतनं काही अडवलं नाही. पण भांडायचंच म्हणून गेलेल्या माणसाला समोरचा अडवत नाही याचाही राग येतो. मशीन लावलं. घर उघडलं. ओटा, दिवाणखाना, पुढं स्वयंपाकघर. चुलीच्या बाजूला आईचा चेपलेला तांब्याचा हंडासुद्धा अण्णानं पोच्यासकट काढला होता. अंबूबाईनं पदर डोळ्याला लावला. मग बसवंत जिन्यानं वर निघाला. जिना जिथं वळतो तिथं पोचला, आणि...

खट्.

पडदा काळा. पंखे थांबले. मशीनच्या जाळीतून गरम हवेचा एक सुस्कारा आला, आणि त्या हवेला डोकेदुखीच्या बामाचा वास होता.

अभिजीत काम करताना कपाळाला बाम चोळायचा. बसवंतनं तेव्हा मनाशी म्हटलं, मशीनलाच वास लागलाय, दुसरं काय.

पुन्हा लावलं. पुन्हा त्याच वळणावर बंद. खाली स्वयंपाकघरात तासभर फिरा, मशीन खुशाल चालायचं. जिन्याच्या वळणावर पाय ठेवला की संपलं. आनेकलच्या दुकानदारानं खोलून पाहिलं आणि म्हणाला, “ग्राफिक्स कार्ड आहे हे. चित्र काढायचं काम याचं. जोर पडला की झेपत नाही, मशीन बंद पडतं. हे काढून टाका, बाकी सगळं चालेल.” कार्ड काढलं. मशीन दिवसभर चाललं. पण कार्डाशिवाय घरच उघडेना.

खंडेनवमीच्या सकाळी अंबूबाईनं हळदीकुंकवाचा डबा त्याच्या पिशवीत घातला. “यंदा आपल्याला सण नाही. पण हत्याराला सुतक नसतं. अण्णाचं मशीन घेऊन त्या प्रणीतकडे जा, तोच दुरुस्त करील. झालं की गंध लाव.”

“त्याच्याकडेच कशाला?”

“मग तुला येतं का?”

बसवंतनं पिशवीचं तोंड आवळलं.

“आणि ऐक, गंध लावल्यावर चालवू नको. उद्या दसऱ्यापर्यंत मशीन झोपू दे. तुमच्या कारखान्यात नाही का, पूजा झाली की बटणाला हात लावत नाहीत...”

“ठाऊक आहे गं.”

मशीन अण्णाच्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तो बसमध्ये बसला. बसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधलेले, काचेवर कुंकवाची बोटं. रस्त्यावर चौकाचौकात नजर उतरवून फोडलेले कोहळे पडले होते. पांढरा गर, वरून कुंकू ओतलेलं, चाकाखाली येऊन येऊन त्याचा लाल चिखल झालेला. गाव निम्मं रिकामं. महादेवपुऱ्यात तर चिटपाखरू नव्हतं. सलग सुट्ट्या म्हणून सगळे आपापल्या मुलखाला गेलेले. इमारतीच्या फाटकाशी मानसिंग वॉचमन तेवढा पाण्याच्या पंपाला हार घालत होता.

वरच्या व्हरांड्यात दिवे माणसाच्या चाहुलीनं लागायचे. बसवंत चालत गेला तसा एकेक लागत गेला. तो प्रणीतच्या दारासमोर थांबला, तरी पुढचे दोन लागले. मग विझले.

प्रणीतनं दार उघडलं. अंगात अण्णाचा करडा टीशर्ट. बसवंतची नजर आधी तिथंच गेली.

“अरे, आण इकडे. जड असेल.”

“असू दे. मी आणलंय ना इथवर.”

प्रणीत आत वळला. त्यानं कॉफी केली आणि स्टीलच्या पेल्यात ओतून पुढं केली. तो पेला अण्णाचा होता. “अभी यातूनच प्यायचा. तू घे.”

आता हा मला अण्णाचा पेला दाखवणार! बसवंतनं कॉफी तशीच ठेवली. तिच्यावर साय धरली.

पण कामाला बसल्यावर प्रणीत कामाचा माणूस होता. त्यानं मशीनची काच काढली. आतली धूळ ब्रशनं झटकली. कार्ड बाहेर काढून त्याच्या पोटातली वाळून कडक झालेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली, नवी लावली. कार्ड पाटीसारखं लांब, काळं, त्याला तीन पंखे. वीज पुरवणारा डबा कमजोर असेल म्हणून आपल्या मशीनमधला मोठा काढून जोडला. वायरी बदलल्या. मग त्यानं एक चाचणी लावली. पडद्यावर आगीचा एक गोळा गरगरत राहिला, पंखे भणाणले, खोलीत ऊब भरली. मशीन बंद पडलं नाही. दुपार झाली तरी नाही.

“हे बघ. टेम्परेचर नॉर्मल. याहून जास्त लोड तर घर उघडून येणारच नाही. कार्ड एकदम ओके आहे, बसवंत.”

“मग बंद का पडतं?”

“आता नाही पडणार. चालव तू.”

बसवंतनं माऊस घेतला. ओटा, दिवाणखाना, स्वयंपाकघर. जिना. वळण...

खट्. आणि बामाचा वास.

प्रणीतनं नाक ओढलं आणि मशीनच्या जाळीकडे बघितलं.

“मी बघतो,” तो म्हणाला. मशीन पुन्हा लावून त्यानं माऊस हातात घेतला. सरसर जिना चढला, वळण ओलांडलं, आणि वर पोचला.

बसवंतला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारलीय. महिनाभर तो त्या वळणावर डोकं आपटत होता. आणि हा चढून गेला... आपल्याच घराचा जिना चढावा तसा.

वर लांब सज्जा होता. तीन दारं. पहिलं दार उघडंच. आत दिवा जळत होता. टेबल, खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल. ही अण्णाची. प्रणीत दुसऱ्या दारापाशी थांबला.

“ही कुणाची?” बसवंतनं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

“मस्करी रे ती...” प्रणीत अडखळला. “अभी म्हणायचा, लग्न करून पुण्याला पळालास तरी तुझी खोली राहू दे इथं.” दार उघडलं. आत अंधार. भिंतीला टेकवलेली गिटार. प्रणीतचीच, तिच्यावरच्या स्टिकरसकट. प्रणीत मात्र वर छताकडे बघत होता. “हा दिवा... मी बघितलं तेव्हा इथं दिवा नव्हता. छत रिकामंच होतं.”

“अण्णानं लावला असेल नंतर. तुमच्यासाठी.”

“नंतर कधी? तो गेला त्याच्या आदल्या रात्री तर आम्ही दोघांनी मिळून...” तो थांबला.

“आणि ते तिसरं?”

प्रणीतनं तिसऱ्या दारावर माऊसनं टिचकी मारली. ते उघडलं नाही. पुन्हा मारली. “हे तर मी पाहिलंच नव्हतं. स्टोअर असेल. लॉक दिसतंय.”

“स्टोअर!” बसवंतनं त्याच्या हातातून माऊस हिसकला. बोट टेकतं न टेकतं...

खट्.

यावेळी प्रणीतचा चेहरा उतरला. “एक काम करू,” तो हळूच म्हणाला. “अभीचं कार्ड काढू. माझं घालू. म्हणजे कळेल, दोष कार्डात आहे की...”

त्यानं आपलं कार्ड घातलं. “आता तू चालव.”

बसवंत जिन्यावर गेला. वळण आलं, गेलं. काही झालं नाही. ना आवाज, ना वास. तो वर पोचला. पहिलं दार. दुसरं दार. आणि पुढं भिंत. पांढरी, गुळगुळीत, कोपऱ्यापर्यंत. दाराची खूणसुद्धा नाही.

“तीन होती ना?” प्रणीत पुटपुटला. “मी स्वतः क्लिक केलं... असं होत नाही, बसवंत. कार्ड फक्त चित्र काढतं. घर तेच असतं. भिंतीचं दार नाही होत...”

पण बसवंतला त्या भिंतीत भीती दिसली नाही. त्याला दिसला सरळ हिशेब. या घरात अण्णाची खोली आहे, खाली आईचं स्वयंपाकघर आहे, या पुण्याच्या पोराची गिटारीसकट खोली आहे. आणि आपल्या जागी भिंत आहे. श्रावणापासून छातीत कोंबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

“घ्या! माझा भाऊ घ्या, त्याचा टीशर्ट घ्या, पेला घ्या, खोली घ्या! मसणात सगळे तुमच्याच गळ्यात पडून रडत होते. मला कुणी विचारलं नाही, बस, पाणी घे. तुमच्यासाठी दिवा पण लावून ठेवलाय ना त्यानं? मग जा की! राहा जाऊन त्याच्याजवळ!”

प्रणीतनं बोटानं टेबलावरच्या धुळीत एक रेघ ओढली. मग म्हणाला, “तो तुझ्याबद्दल बोलायचा, बसवंत. रोज. ‘माझ्या बसूच्या हातात जी कला आहे ती माझ्यात नाही,’ म्हणायचा. मला... खरं सांगू, मला राग यायचा तुझा.” त्यानं हेल्मेट उचललं. “सकाळपासून तू काही खाल्लं नाहीयेस. कोपऱ्यावरून दोन पार्सल आणतो. तोवर मशीन लावू नको. प्लीज.”

दार बंद झालं. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग इमारत पुन्हा गप्प झाली.

बसवंतला क्षणभर लाज वाटली. पण ती लाज त्या भिंतीपाशी जाऊन परत फिरली. रोज बोलायचा म्हणे. मग भिंत का?

त्यानं प्रणीतचं कार्ड काढलं. एकदा बघितलेली गोष्ट त्याचे हात विसरत नसत. अण्णाचं कार्ड खाचेत बसवलं, खटका लागेपर्यंत दाबलं, वायरी जोडल्या. मग त्याला आईचा डबा आठवला. कारखान्यात आज सकाळी प्रत्येकानं आपापल्या प्रेसला गंध लावलं असेल. बिनपुजेचं हत्यार रुसतं, बोट घेतं, असं तिथले जुने लोक म्हणतात. महिनाभर आपण याला हात लावतोय, कधी साधा नमस्कार केला नाही. म्हणूनच रुसलंय ते. प्रणीत पुण्याचा, त्याला वायरी कळतात. हे कुठून कळणार?

त्यानं बोट पाण्यात भिजवलं, कुंकवात बुडवलं आणि कार्डाच्या काळ्या पाठीवर टेकवलं. एक लाल ठिपका.

आईनं सांगितलं होतं, गंध लावल्यावर चालवू नको. त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. तरी त्यानं बटण दाबलं.

खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं. पंखे फिरू लागले, नेहमीपेक्षा हळू, झोपमोड झालेल्या माणसाच्या श्वासासारखे. घर उघडलं. घरातही संध्याकाळ झाली होती. आजवर त्यात कायम सकाळचं ऊन असायचं. तो ओट्यावरून आत गेला. दिवाणखाना. स्वयंपाकघर. हंड्यात पाणी भरलेलं होतं, आणि ते थोडं हलत होतं.

जिना. एक पायरी, दुसरी... वळण आलं. पंख्यांचा आवाज अडखळला. आतून कुणी दार रेटून धरावं तसं मशीन थरथरलं. बामाचा वास आला, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा. पण ते बंद पडलं नाही.

बसवंत वर पोचला. तीन दारं होती.

पहिल्या दारातून उजेड येत होता. दुसरं काळोखात. तो तिसऱ्याकडे गेला आणि त्यानं टिचकी मारली. दार उघडलं.

खोली त्याची होती. विचारायला नकोच. खाट ठेंगणी, कारण बसवंत लहानपणापासून झोपेत खाटेवरून पडायचा. खुंटीला कारखान्याची निळी डब्याची पिशवी. भिंतीवर पान्यांची फळी, लहानापासून मोठ्यापर्यंत. आणि उशाला, जमिनीलगत, एक बुटकी खिडकी. खिडकी घराच्या बाहेर उघडत नव्हती. ती खाली उघडत होती, थेट स्वयंपाकघरावर. आईनं चुलीपाशी हाक मारली तर ती झोपलेल्या माणसाच्या कानात पडावी, अशी.

बसवंतनं वर बघितलं. छताला दिव्याची वायर होती, तिच्या टोकाला रिकामा होल्डर. दिवा नव्हता. खोलीत जो काही उजेड होता तो दारातून, सज्ज्यातून येत होता. आणि तो वाढत होता.

त्यानं पडद्यावरची नजर मागे वळवली. फरशीवर एक पट्टा पडला होता, पिवळा, नवा. दुसऱ्या खोलीतला दिवा लागला होता.

त्यानं तर तिथं हातही लावला नव्हता.

त्याच वेळी खिडकीबाहेर, खऱ्या रस्त्यावर, एक हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. टँकरचा असावा. मग तोही थांबला.

टेबलावर अण्णाचे हेडफोन पडले होते. त्यांतून बारीक आवाज येऊ लागले. बसवंतनं ते कानाला लावले. खुर्ची सरकल्याचा आवाज. गिटारीच्या तारेवर सहज पडलेलं बोट. मग हसणं. दोघांचं. दाराबाहेर डबा घेऊन उभं राहून दर रविवारी ऐकलेलं, तेच. “अरे अभी... सीरियसली...” आणि त्यावर एक ओळखीचं खोकणं.

कुणाला हे खरं वाटणार नाही, पण त्या घटकेला बसवंतला आधी भीती वाटली नाही. आधी हेवा वाटला. दोघं पुन्हा आत, आणि हा पुन्हा दाराबाहेर. त्यानं माऊस त्या उजेडाकडे वळवला. “अण्णा,” तो ओरडला, रिकाम्या फ्लॅटमध्ये, “अण्णा, मी पण... मला पण येऊ दे...”

हसणं थांबलं. हेडफोनमध्ये नुसता श्वास. अगदी जवळ. मग अण्णाचा आवाज आला, रागाचा नाही, दमलेला, दिवेलागणीचा.

“बसू... खाली जा.”

“अण्णा...”

“आई एकटी आहे.”

बसवंतचं बोट माऊसवर तसंच राहिलं. मग तो वळला. सज्ज्यातून चालत निघाला. वळण, पायऱ्या, दिवाणखाना. स्वयंपाकघरात हंड्यातलं पाणी आता स्थिर होतं. तो ओट्यावर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. मशीन त्याच्याच हातानं बंद केलं. यावेळी खट् वाजलं नाही.

बाहेर व्हरांड्यात पावलं धावत आली. दारावर धाडधाड हात पडले. मानसिंग होता. कपाळावर पंपाच्या पूजेचं कुंकू, तोंड पांढरंफटक पडलेलं.

“भैयाजी, नीचे चलिए... प्रणीत भैया की गाड़ी फिसल गयी... वो कोहड़ा पड़ा था ना मोड़ पर... पीछे से टँकर...”

बसवंतला जिना उतरवेना. मानसिंगनं धरून नेलं. व्हरांड्यातले दिवे त्यांच्यापुढं लागत गेले आणि मागे विझत गेले. दोन मात्र विझले नाहीत.

*

प्रणीतचे आईवडील पुण्याहून आले आणि त्याचा देह घेऊन गेले. बसवंत त्याच्या पायाशी उभा होता. पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द निघाला. “प्रणीतदादा...” पण तो ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

मशीन घेऊन तो आनेकलला आला तेव्हा अंबूबाईनं विचारलं, “मशीन झालं का रे दुरुस्त?”

“झालं.”

“वर जाता आलं?”

“आलं.”

“तुझी खोली आहे का?”

“आहे, आई. तुझ्या चुलीच्या वरती. तू हाक मारलीस की ऐकू येईल अशी.”

“मग बरंय,” अंबूबाई म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. “तू आपला लवकर ये कामावरून. मला एकटीला खायला उठतं घर.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं कार्ड खोलून बाहेर काढलं आणि अण्णाच्या चादरीत गुंडाळून तळ्यावर नेलं. आदल्या दिवशी विसर्जन केलेल्या हारांची फुलं काठाला लागून कुजत होती. धोबी अजून आला नव्हता. बसवंत गुडघाभर पाण्यात उतरला. चादर उलगडली.

कार्डाच्या पाठीवर त्यानं एक ठिपका लावला होता. आता तीन होते. त्याचा वाळून काळा पडला होता. बाजूचे दोन ओले होते, नुकतं बोट टेकवून उचलल्यासारखे.

दोन बोटं. दोघांनी मिळून केलेली पूजा. खोटं कशाला बोलायचं, आताही बसवंतला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या खोल्यांत आज उजेड असेल. गिटार वाजत असेल. बाम, कॉफी, हसणं. त्याचा अंगठा त्या दोन ठिपक्यांकडे गेला, पुसायला. तो तसाच थांबला.

मग त्यानं तो अंगठा पाण्यात भिजवला, आपल्याच ठिपक्यावर ठेवला आणि घासून घासून तेवढाच पुसून टाकला.

“मला उशीर होईल,” तो म्हणाला. “तुम्ही दोघं जेवून घ्या.”

वायर नाही, वीज नाही. तरी हातातलं कार्ड ऊबदार होतं, आणि त्याचे तीनही पंखे सावकाश फिरत होते. बसवंतनं ते कपाळाला लावलं, वाकला, आणि पंख्यांना बोट लागणार नाही असं जपून, दोन्ही हातांनी पाण्याखाली सोडलं.